अंजनाबाईंची वीज

आमच्या छतावर सध्या जे उभं आहे, त्याला पाऱ्यातले, म्हणजे इकडच्या हिंदी मुलखातल्या आमच्या मोहल्ल्यातले, लोक पेट्रोल पंप म्हणतात. ऑटोवाल्याला पत्ता सांगताना शेजारच्या बाया "वो पेट्रोल पंप वाले घर से आगे" असं सांगतात. एकदा तर एक माणूस खरोखरच मोटरसायकल ढकलत आमच्या फाटकापर्यंत आला, वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि पुढे ढकलत गेला. तो पेट्रोल पंप नाही, सौर ऊर्जा प्रकल्प आहे. प्रकल्प हा शब्द माझा. माझी बायको चेतना त्याला मांडव म्हणते.

मी बुद्धभूषण मेश्राम, रेल्वेच्या विद्युत विभागातून निवृत्त झालो. हे वाक्य ऐकून लोकांचा जो समज होतो तो मी कधी दुरुस्त केला नाही, ही माझी चूक. मी तिथे बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क होतो. चौतीस वर्षं मी वायरींबद्दल पत्रं लिहिली, वायरींच्या फाइली सांभाळल्या, वायरींवरचे आक्षेप निकाली काढले. वायरीला हात लावायची वेळ कधी आली नाही. पण पाऱ्यात मी "बिजलीवाले मेश्राम साहेब" आहे. लोक बिघडलेला पंखा, मिक्सर, कूलरची मोटर घेऊन येतात. मी चष्मा लावून त्या वस्तूकडे थोडा वेळ पाहतो आणि म्हणतो, "कंडेन्सर गेला असंल." निम्म्या वेळा तो खरंच गेलेला असतो.

तर एका सकाळी फिरायला गेलो असताना आमचे शेजारी चारुदत्त खानझोडे यांनी सहा माणसांच्या देखत मला विचारलं की मेश्राम साहेब, तुम्ही तर बिजलीतले, मग तुमच्याच घरी सोलर काहून नाही? खानझोडे पोस्टातून निवृत्त झालेत, मूळचे नागपूरचे, आणि दुसऱ्याची गोष्ट चारचौघांत काढायची त्यांना फार हौस. सहाही माणसं माझ्याकडे पाहू लागली. मी म्हणालो, "लागून राहिलं ना, पुढच्या महिन्यात." ही बातमी मलाही तेव्हाच कळली.

घरी येऊन मी चेतनाला सांगितलं. ती छतावर डाळीच्या बड्या वाळत घालत होती. तिने एकच प्रश्न विचारला, तो म्हणजे बड्या कुठे वाळवायच्या. मी म्हणालो की देशाला हरित ऊर्जेची गरज आहे. ती म्हणाली की देशाला असंल, पण मले छत पायजे. हिवाळ्यात पाऱ्यातल्या दहा-बारा बाया आमच्या छतावर उन्हाला बसतात. तिथे मटार सोलले जातात, स्वेटर विणले जातात आणि मला वाटतं माझ्याबद्दलही बोललं जातं. तेव्हा वाटाघाटीनंतर असं ठरलं की पॅनेल लागतील, पण इतक्या उंचीवर की त्यांच्याखाली माणूस डोक्यावर सूप घेऊन सरळ चालू शकेल. पेट्रोल पंपाचा उगम इथे आहे.

पॅनेल निवडायला सोलर बसवणाऱ्या एजन्सीकडून सोनिया नावाची मुलगी आली. टॅबलेट, मोजपट्टी आणि प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला "अंकल". तिने मला एका बाजूने वीज करणारे आणि दोन्ही बाजूंनी वीज करणारे असे दोन प्रकारचे पॅनेल दाखवले. मी विचारलं की खालच्या बाजूला ऊन कुठून येणार. ती म्हणाली, "अंकल, रिफ्लेक्शन." मी "बरोबर" म्हणालो. मग तिने विचारलं की ऑन-ग्रिड घेणार की हायब्रिड, म्हणजे बॅटरीवालं. मला समजलं नाही हे तिला कळू नये म्हणून मी थोडा वेळ आकाशाकडे पाहिलं आणि म्हणालो, "ऑन-ग्रिड." तिला माझा विभाग माहीत होता. ती म्हणाली, "अंकल, आपको तो सब पता ही है." हे वाक्य मला पुढे फार महाग पडलं.

खानझोडेंनी आपणहून सल्ला दिला. त्यांच्या मते गारपिटीत पॅनेल फुटतात, वीज त्यांच्यावरच पडते आणि त्यांच्याखाली झोपलं की केस जातात. पॅनेलचं तोंड दक्षिणेकडे करायचं असतं हे ऐकून तर ते खुर्चीतून उठले. दक्षिण म्हणजे यमाची दिशा. मी म्हणालो की आम्ही वास्तू मानत नाही. ते म्हणाले, "तुम्ही नोका मानू. पण यम मानते ना."

आता अर्ज. अर्ज मोबाइलवरूनच करायचा होता. सोनियाने आमचा ग्राहक क्रमांक टाकला आणि म्हणाली की रजिस्टर्ड मोबाइलवर ओटीपी गेलाय, सांगा. माझ्या मोबाइलवर काही आलं नाही. चेतनाच्याही नाही. बंगलोरला असलेल्या यशदीपला, म्हणजे आमच्या मुलाला, फोन केला. तो म्हणाला, "पापा, मेरे पास क्यों आएगा?" त्याच्याशी मराठीत बोललं तरी तो हिंदीतच उत्तर देतो. शेवटी बिजली ऑफिसात जाऊन एक दुपार उभा राहिलो, तेव्हा कळलं की आमच्या कनेक्शनसमोर कुणी तरी कधी तरी भलताच नंबर लिहून ठेवलाय. नंबर बदलायचा तर जुन्या नंबरावर ओटीपी जाणार. मी त्या नंबरावर फोन लावला.

फोन अभनपूरच्या एका बियाण्यांच्या दुकानदाराने उचलला, चंद्राकरजी नावाच्या. मी नाव सांगितलं तर त्यांना इतका आनंद झाला की मला लाज वाटली. सहा वर्षं आमच्या घराच्या बिलाचे मेसेज त्यांना येत होते. आमच्याबद्दल त्यांना बरंच माहीत होतं. मे महिन्यात वापर फार वाढतो, दोन कूलर आहेत का, असं त्यांनी विचारलं. मागच्या दिवाळीत बिल अचानक कमी का झालं, कुणी आजारी होतं का, हेही विचारलं. आम्ही यशदीपकडे गेलो होतो, असा खुलासा मी केला. मग मी ओटीपीचं बोललो. ते एकदम सावध झाले. म्हणाले की बँकवाले, पोलीसवाले, सगळे सांगतात, ओटीपी कुणालाही फोनवर सांगायचा नाही. मी म्हणालो की पण तो माझाच आहे. ते म्हणाले की सगळे असंच म्हणतात.

म्हणून मी बसने अभनपूरला गेलो. भाताच्या बियाण्यांच्या पोत्यांमध्ये चंद्राकरजी बसले होते. त्यांनी माझं आधारकार्ड पाहिलं आणि म्हणाले की पण मेसेज तर नत्थू मेश्राम यांच्या नावाने येतात. मी सांगितलं की नत्थू मेश्राम माझे वडील, त्यांना जाऊन पंधरा वर्षं झाली. कनेक्शन अजून त्यांच्याच नावावर आहे.

चंद्राकरजींनी हातातला चष्मा खाली ठेवला. सहा वर्षं दर महिन्याला ज्या माणसाचं नाव येत होतं तो माणूस नाही, हे त्यांना खरोखर लागलं. त्यांनी गल्ल्यावरून उठून माझे दोन्ही हात धरले, "बहुत बुरा हुआ" म्हणाले आणि मला चहा पाजला. पंधरा वर्षांपूर्वी माझ्या ऑफिसातल्या लोकांनीही इतक्या मनापासून सांत्वन केलं नव्हतं. मलाही थोडं भरून आलं. मग ओटीपी आला. त्यांनी तो आधी मनातल्या मनात वाचला, मग कागदावर लिहून, कागदाची घडी घालून मला दिला. मी फोनवरून तो सोनियाला सांगेपर्यंत त्याची मुदत संपली होती. आम्ही दुसरा मागवला.

त्यानंतर जे झालं ते मला आधीच समजायला हवं होतं. बिजली ऑफिसातल्या बाबूने अर्ज पाहून सांगितलं की ग्राहक मृत आहे, मृत ग्राहक वीज वापरू शकतो पण तयार करू शकत नाही. नाव बदलून घ्या. त्यासाठी आईचं ना-हरकत पत्र लागेल. मी स्वतः बडेबाबू असल्यामुळे मला त्याच्यात काही चूक दिसली नाही. उलट, इतक्या नेमकेपणाने आक्षेप घेणारा माणूस अजून सेवेत आहे याचं बरंच वाटलं.

माझी आई अंजनाबाई ब्याऐंशी वर्षांची आहे. ऐकू चांगलं येतं, जे ऐकायचं नाही तेसुद्धा. मी संध्याकाळी तिच्यापुढे कागद ठेवला आणि सही करायला सांगितली. तिने विचारलं की काय लिहिलंय. मी सांगितलं, बाबांच्या जागी माझं नाव.

"काहून?" आई म्हणाली.

मी सगळं समजावलं. सूर्य, वीज, मीटर, नियम. तिने ऐकून घेतलं आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"हे लाइन त्यायनं आणली होती. किती चकरा मारल्या, मले मालूम हाये. बिल येते ना दर महिन्याले, त्यायच्या नावाचं दुसरं कोणतंच कागद आता घरात येत नाही. पेंशनीवर माह्यं नाव, राशनवर तुह्यं. हे एकच राहिलं. थेही काढून टाकतो म्हणते."

मी कागद उचलून टीव्हीखाली ठेवला. बिल दर महिन्याला आई स्वतः मीटरवाल्याच्या हातून घेते आणि मग माझ्याकडे देते, हे मी कित्येक वर्षं पाहत होतो. मला वाटायचं तिला वेळ जात नाही म्हणून घेत असेल.

आठ दिवस तो कागद टीव्हीखाली पडून राहिला. सोनियाचे फोन येत होते, खानझोडे सकाळी "लागलं का?" विचारत होते आणि मी फिरायची वाट बदलली होती. प्रकल्प बंद करावा असं मी जवळजवळ ठरवलं होतं. तेव्हा चेतनाने भाजी चिरता चिरता म्हटलं की कनेक्शन आईंच्याच नावावर करा ना. बाईचं नाव लिहिलं की सरकारी कागदावर खाली नवऱ्याचं नाव येतेच. दोघांचंही राहील.

आईने विचारलं, "येते काय, खाली?"

"येते," चेतना म्हणाली. "अंजनाबाई मेश्राम, पती स्वर्गीय नत्थू मेश्राम."

"स्वर्गीय नोको. आपण थे मानत नाही."

बिजली ऑफिसात आईला घेऊन गेलो तेव्हा बाबूने तिच्याकडे पाहूनच शाईचं पॅड पुढे सरकवलं. आईने ते परत त्याच्याकडे सरकवलं आणि पेन मागितला. पन्नाशीत साक्षरता वर्गाला जाऊन ती सही शिकली आहे आणि ती सही ती घाईने करत नाही. अं, मग ज, मग ना. मागे अकरा माणसं उभी होती. एकाने काही तरी म्हणायला तोंड उघडलं, तर बाबूनेच त्याला हाताने थांबवलं. सही झाल्यावर आईने कागद वर धरून दुरून पाहिला आणि "स्वर्गीय लिहू नका" असं बजावून उठली.

मग ढाचा उभा राहिला. लोखंडी खांब, त्यांच्यावर सहा पॅनेल, सगळं मिळून नऊ फूट उंच आणि दक्षिणेकडे कललेलं. वर सफाईसाठी पॅनेलच्या कडेने एक अरुंद जाळीची पट्टी, आणि तिथे जायला शिडी. त्याच संध्याकाळी त्याचं बारसं झालं. नाव कुणी ठेवलं ते सिद्ध करता येत नाही, पण खानझोडे त्या वेळी रस्त्यावर होते.

तपासणीला बिजली ऑफिसातून निवेदिता मॅडम येणार होत्या. त्या आमच्या भागाच्या ज्युनिअर इंजिनिअर. त्यांनी पाहून होकार दिला की नवं मीटर लागणार होतं. आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमचं घर बीरगांवच्या वाटेवर आहे. कारखान्यांची काळी धूळ आमच्याकडे रोज येते. सकाळी छतावर अनवाणी चाललं की दुपारी तळवे कोळशाच्या दुकानदारासारखे होतात. माझा साडू कारखान्यांपासून लांब, चौबे कॉलोनीत राहतो. तो म्हणतो पॅनेल महिन्यातून एकदा पुसले तरी चालतात. त्याचे चालत असतील. आमच्या पॅनेलवर चौथ्या दिवशी बोटाने नाव लिहिता येत होतं, आणि कुणी तरी लिहिलंही होतं, बहुतेक ढाचा कसणाऱ्यांपैकी.

रेल्वेत साहेबाची तपासणी असली की आम्ही झाडांच्या बुंध्यांनासुद्धा गेरू आणि चुना लावत असू. मॅडम दहाला येणार होत्या. मी नऊला जुनं बनियन घालून, बादली आणि वायपर घेऊन वर चढलो. पॅनेल धुणं हे मोटार धुण्यासारखं नाही. काच कललेली असते, पाणी स्वतःच्याच अंगावर येतं आणि काळं पाणी बरोबर खाली वाळत घातलेल्या चादरींवर पडतं. चेतनाने खालून जे सांगितलं ते मी ऐकलं नाही असं दाखवलं. चौथ्या पॅनेलवर असताना खाली काही खरखर वाजलं. मी लक्ष दिलं नाही. सहावा पॅनेल संपवून उतरायला वळलो तेव्हा शिडी नव्हती.

खानझोडेंना त्यांच्या टाकीचं झाकण बसवायचं होतं. ते आमच्याकडून शिडी नेतात, नेहमीच नेतात. मी नऊ फुटांवर, दोन्ही बाजूंनी वीज करणाऱ्या पॅनेलच्या वरच्या बाजूला आहे, हे त्यांना खालून दिसलं नाही. मी हाक मारणार, तेवढ्यात फाटक वाजलं आणि निवेदिता मॅडम छतावर आल्या. सोबत चेतना आणि आई.

मॅडमनी वर पाहिलं. ओलं बनियन, हातात वायपर. मी नमस्कार केला. शिडी नाही म्हणून अडकलोय असं एका ज्युनिअर इंजिनिअरला सांगणं मला शक्य नव्हतं. मी विद्युत विभागातला माणूस आहे. त्यांनी अर्थिंग कुठे आहे विचारलं, मी वरून बोट दाखवलं. इन्व्हर्टर कुठे, तर जिन्याखाली. लोड किती, हे मी पाठ केलं होतं.

"अंकल, आप ऊपर ही रहेंगे?" मॅडमनी शेवटी विचारलं.

"हव," मी म्हणालो. "ज़रा काम बाकी है."

सही ग्राहकाची लागणार होती, म्हणजे आईची. तिला वेळ लागला, आणि तेवढा सगळा वेळ मी धुतलेला सहावा पॅनेल पुन्हा धुतला. मॅडमनी शेऱ्याच्या रकान्यात "सफाई की व्यवस्था उत्तम" असं लिहिलं. त्या गेल्यावर पाऊण तासाने शिडी परत आली. खानझोडे म्हणाले की आवाज द्यायचा ना. मी म्हणालो की हवा चांगली होती वर.

एप्रिलच्या शेवटी मीटर लागलं आणि वीज सुरू झाली. यशदीपने माझ्या मोबाइलवर एक ॲप टाकून दिलं. दर संध्याकाळी त्यावर येऊ लागलं, "नमस्ते अंजनाबाई, आज आपने १४ यूनिट बिजली बनाई." सगळी धावपळ माझी, अभनपूरचा प्रवास माझा, बनियन माझं. पण वीज अंजनाबाई करत होत्या. आईने हे पूर्णपणे खरं मानलं. संध्याकाळी ती विचारायची, "आज मी किती केली?" मी आकडा सांगायचो. चौदा असले की ती जेवताना एक पोळी जास्त घ्यायची. अकरा आले की माझ्याकडे पाहायची, "काल चौदा केली होती, आज अकरा काहून?" आणि मी दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला वर चढायचो. शिडी आता साखळीने बांधलेली असते.

मधल्या काळात मी पाऱ्यात सांगून टाकलं होतं की आता आमच्याकडे लाइट जात नाही. गेल्या पंधरवड्यात ती गेलीच नव्हती, आणि त्याचं श्रेय मी पॅनेलना दिलं होतं.

बुद्धपौर्णिमेला आम्ही दरवर्षी खीर करतो. यंदा मी पाऱ्यातल्या वीस-पंचवीस लोकांना दुपारी बाराला बोलावलं. वंदना झाली, खिरीच्या वाट्या फिरू लागल्या. दोन्ही कूलर चालू होते आणि मी पंख्यांकडे हात करून, मुद्दाम सहज आवाजात, सांगत होतो की हे सगळं वरून येऊन राहिलं. सव्वाबाराला लाइट गेली.

लोकांनी आधी पंख्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी म्हणालो, "एक मिनिट." ते मिनिट गेलं. पंखा हळूहळू थांबला, त्याची पाती वेगवेगळी दिसायला लागली. बाहेर मे महिन्याचं ऊन इतकं होतं की भिंतींना हात लावता येत नव्हता. मी आत जाऊन सोनियाला फोन लावला. तिने शांतपणे सांगितलं की अंकल, ऑन-ग्रिड आहे ना, लाइन गेली की तेही बंद होणार. आपको तो पता ही है.

मी बाहेर येऊन लोकांना हे सांगितलं. खानझोडेंनी वाटी खाली ठेवली.

"म्हणजे ऊन हाये," ते म्हणाले, "पॅनेल हाये, वायर हाये, आणि पंखा बंद."

"हव," मी म्हणालो.

त्यानंतर जी शांतता पसरली तिच्यात मला माझ्या चौतीस वर्षांच्या सेवेचा शेवट ऐकू आला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. लोक घाम पुसत, मान खाली घालून खीर खात राहिले, जसं कुणाच्या घरी वाईट बातमी आल्यावर खातात.

"काहून बंद होते?" आईने कोपऱ्यातल्या खुर्चीवरून विचारलं. वीज तिची होती, तिला विचारायचा हक्क होता.

सोनियाने जे सांगितलं होतं ते मी तिला सांगितलं. लाइन गेली की दुरुस्तीसाठी कुणी तरी खांबावर चढतं. त्याला वाटतं तार मेलेली आहे. त्या वेळी आपली वीज उलटी त्या तारेत गेली तर तो माणूस जागेवर जाईल. म्हणून हे आपोआप थांबतं.

आईने बंद पंख्याकडे पाहिलं.

"मंग बंदच बरी," ती म्हणाली. "पंख्याचं काय."

आत फार तापलं म्हणून लोक खिरीच्या वाट्या घेऊन छतावर गेले आणि पॅनेलच्या सावलीत उभे राहिले. तिथून गल्लीच्या तोंडाचा खांब दिसतो. उन्हात लोड वाढून तिथली तार तुटली होती. थोड्या वेळाने बिजली ऑफिसाची गाडी आली आणि एक लाइनमन उतरला, पन्नाशीचा, डोक्याला गमछा बांधलेला. त्याने कमरेला पट्टा अडकवला, एक पाय खांबावर ठेवला आणि थांबला. तो आमच्या छताकडे पाहत होता. मग पाय खाली घेऊन तो आमच्या फाटकाशी आला. मी खाली उतरलो.

"सोलर आपका है?"

"हव."

"बंद है?"

"ऑटोमॅटिक बंद होता है," मी म्हणालो. हे मला पंचवीस मिनिटांपूर्वी कळलं होतं.

त्याने गमछ्याने तोंड पुसलं. "ऑटोमॅटिक मत बताइए, बाबूजी. स्विच गिराइए, और मेरे उतरने तक वहीं खड़े रहिए."

इन्व्हर्टरशेजारी एक लाल स्विच आहे. लागल्यापासून मी त्याला हात लावला नव्हता. खरं सांगायचं तर आजवर घरातल्या दिव्याच्या बटणापलीकडे कशालाच लावला नव्हता. मी तो खाली ओढला. खटका मोठा वाजला. लाइनमनने येऊन स्वतः पाहिलं, मान हलवली आणि गेला.

मी जिन्याखाली उभा राहिलो. जागा लहान, वारा नाही, इन्व्हर्टर अजून गरम. घाम पाठीवरून सरळ खाली जात होता. चूक होऊन स्विच कुणी वर करू नये म्हणून मी त्यावर हात ठेवला, आणि ठेवल्यावर काढायची भीती वाटायला लागली.  खानझोडे एकदा जिन्यापर्यंत आले, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या दुसऱ्या हातात पाण्याचा पेला देऊन परत गेले. आई आपली खुर्ची ओढत आली आणि जिन्याच्या तोंडाशी, कुणी आत येऊ नये अशी, बसली. पंचवीस माणसं वर छतावरच होती. चेतना कठड्याशी उभी राहून तिथून सांगत होती की वर पोचला, की आता तार ओढून राहिला, की आता घाम पुसला.

किती वेळ गेला मला सांगता येत नाही. माझा हात बधिर झाला होता. मग गल्लीतून आवाज आला, "हो गया." माझी बोटं आपोआप हलली.

"थांब," आई म्हणाली. मग मान वर करून तिने जिन्यातून विचारलं, "उतरला का तो?"

"उतरून राहिला," वरून चेतना म्हणाली.

आम्ही थांबलो.

"उतरला."

"दोन्ही पाय जमिनीवर हायेत का?"

वर कुणी तरी कठड्यावरून वाकून पाहिल्याचा आवाज आला. मला वाटतं ते खानझोडे होते.

"हायेत, काकू," ते म्हणाले.

आई माझ्याकडे वळली.

"आता लाव."